वेगळं भांडं

"वेगळं भांडं" हे दोन शब्द ऐकले की येसूबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याच येसूबाईने चौऱ्याहत्तर सालच्या चैत्रात स्वतःच्या घरात, स्वतःच्या एकुलत्या एका मुलीसाठी वेगळं भांडं मांडलं. वेगळी ताटली, वेगळं पातेलं, वेगळी पळी, मिठाची वेगळी बरणी. बरणीवर फडकं बांधलं आणि ती वर फळीवर ठेवली, घाईगर्दीत कोणाचा हात पडू नये म्हणून.

मुलीचं नाव कोंडी. आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून तिसरीला सुपातल्या कोंड्यावर ठेवून उचललं आणि नावही तेच ठेवलं. मरणाला वाटावं हा नुसता कोंडा आहे, याला हात लावून काय मिळणार! चोवीस वर्षं मरण फसलं. कोंडी शिकली, नेरळच्या शाळेत मास्तरीण झाली, बुद्धवाड्यातल्या छोट्या विहारात वंदना सांगू लागली. तिचा आवाज असा स्वच्छ की भाताच्या गिरणीतून दमून आलेल्या बायाही पाय न धुता ओट्याशी उभ्या राहायच्या. आणि नेमकी तिथेच, गळ्यात, गाठ आली.

फाल्गुनात मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिच्या गळ्यातली गाठ असलेली सगळी ग्रंथी कापून काढली. गाठ कॅन्सरची निघाली. छातीच्या फोटोत दोन ठिपके दिसले, एक उजवीकडे, एक डावीकडे. गाठीची पिल्लं तिथवर पोचली होती आणि तिथे सुरी चालण्यासारखी नव्हती.

"पण एक औषध आहे," जाड चष्म्याचे डॉक्टर म्हणाले. "हे बघा बाई, ही गाठ आणि तिची पिल्लं आयोडीन खातात. अंगात दुसरं कोणी त्याला फारसं विचारत नाही. आपण त्या आयोडीनमध्येच जहाल किरण भरून पाजायचे. ते रक्तातून फिरत फिरत नेमकं पिल्लांपाशी जातं, त्यांच्या पोटात शिरतं आणि तिथेच त्यांना जाळतं. बाकी अंगाला फार धक्का लागत नाही. मात्र त्यासाठी पिल्लं भुकेली हवीत. आयोडीन समुद्रातलं. म्हणून महिनाभर मासळी नाही, सुकी मासळी तर मुळीच नाही, समुद्राचं मीठही नाही."

येसूबाईला हे लगेच समजलं. नेरळच्या भात-गिरणीत ती पाखडायच्या कामाला होती आणि उंदरांना विषाच्या गोळ्या ठेवायचं कामही तिच्याकडेच होतं. गोळ्या ठेवण्याआधी सांडलेली कणी झाडून घ्यावी लागते, पोत्यांची तोंडं शिवावी लागतात. पोट भरलेला उंदीर गोळीला तोंड लावत नाही.

"म्हंजे अंगातला उंदीर उपाशी ठेवायचा," ती म्हणाली.

डॉक्टरांना हसू आलं. "अगदी बरोबर. आणि तारीख चुकवू नका. हे औषध ठरल्या दिवसापुरतं बनून येतं. आठ दिवसांत ते अर्धं विरून जातं, कोणासाठी थांबत नाही."

आणखी एक होतं. ग्रंथी काढलेल्या माणसाला रोज एक गोळी लागते, ती गोळीही तारखेपर्यंत बंद. त्याने पिल्लं आणखी भुकेजतात. पण माणूस मंदावतो. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं, तरी सांगणं निराळं आणि बघणं निराळं. वैशाखाच्या उन्हात वाड्यातली कुत्री ओहोळाच्या चिखलात जाऊन पडत होती आणि कोंडी घोंगडी पांघरून कुडकुडत होती. चेहरा सुजला, पाय सुजले. आवाज जड झाला, शब्द उशिरा येऊ लागला. एकदा ती आपल्या वर्गातल्या मुलांची नावं आठवायला बसली. अकरा नावांवर थांबली आणि रडली.

येसूबाई मात्र पातेल्यावर डोळ्यांत तेल घालून बसली होती. कर्जतच्या काष्ठौषधीच्या दुकानातून सैंधव आणायची, ते खलून बरणीत भरायची. मुलीचा भात शिजेपर्यंत चुलीवर दुसरं भांडं चढू द्यायची नाही. आयुष्यात तिने स्वतःसाठी एवढी काळजी कधी घेतली नव्हती.

अडचण निराळीच होती. बुद्धवाड्यात कोणी आजारी पडलं की घरटी एक वाटी यायची. तीस घरं, तीस वाट्या. आज गोदूबाईची, उद्या धाऊची, परवा चांगोच्या घरची. आणि कर्जत-खालापूरच्या गरिबाच्या कालवणात जवळा नसेल तर सुकट असते, सुकट नसेल तर बोंबलाचं एखादं डोकं तरी असतंच. चौक गावच्या बाजारात कोळणी बसल्या की अर्धा वाडा तिकडे जायचा. येसूबाई दारातच उभी राहून वाट्या परत पाठवू लागली.

"अगं, मासळी नको तर डाळ आणते," शेजारची गोदूबाई म्हणाली.

"डाळीत मीठ कोणचं घालशील?"

"घालीन माज्या घरातलं. पेणचं, उरणचं, जे आसंल ते. का गं? आमच्या मिठात काय हाय?"

"डॉक्टरांनी नाय सांगितलंय, गोदू."

गोदूबाई वाटी घेऊन परत गेली. ती जिवाची मैत्रीण, तिने मनावर घेतलं नाही. पण वाट्या तीस होत्या आणि मैत्रीण एकच. पंधरा दिवसांत वाड्यात कुजबुज सुरू झाली की मास्तरणीला आमच्या हातचं चालेनासं झालं, येसूने घरात भांडी वेगळी मांडली आहेत. हे बोलणं कोणत्या वाड्यात चाललं होतं, ते समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

येसूबाई नऊ वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन वरच्या आळीच्या विहिरीवर जायची. जायची म्हणजे विहिरीपासून दहा पावलांवर बसायची. कोणाला दया आली तर ती बाई घागर घेऊन यायची आणि वरून पाणी ओतायची. घागरीचा काठ खालच्या मडक्याला लागता कामा नये, म्हणून धार उंचावरून पडायची. निम्मं पाणी मडक्यात, निम्मं मातीत. येसूबाई त्या चिखलाकडे बघत बसायची आणि तिला वाटायचं, थोडं खाली वाकली असती तर काय बिघडलं असतं हिचं.

छप्पन साली वाड्याने धम्म घेतला आणि पुढच्याच उन्हाळ्यात स्वतःची विहीर खणायला घेतली. येसूबाईचा नवरा सखाराम पुढे होता. चाळीस दिवस खणल्यावर वैशाखात पाणी लागलं. त्या दिवशी कोणाच्याही घरात धड काही नव्हतं. मग सखारामाने मोठं पातेलं विहिरीपाशी ठेवलं आणि म्हणाला, ज्याच्याकडे जे असेल त्याची एक मूठ टाका. कोणी तांदूळ टाकले, कोणी डाळ, कोणी वांगी, कोणी सुकवलेला जवळा. सगळं एकत्र शिजलं, सगळे एका ओळीत जेवले. सखारामाने नियम घातला, दर वर्षी याच दिवशी हे जेवण होईल आणि त्या दिवशी वाड्यात कोणाचंही भांडं वेगळं राहणार नाही. सखाराम पुढे सहा वर्षांनी कावीळ होऊन गेला. विहिरीचं जेवण चालू राहिलं.

त्या वर्षी हे जेवण इस्पितळाच्या तारखेच्या बरोबर सहा दिवस आधी आलं.

येसूबाईने ठरवलं होतं की मूठ टाकून यायचं आणि कोंडीला घरीच ठेवायचं. पण कोंडीच उठली. "आये, बाबांचं जेवन हाय. नुसती बसते, जेवत नाय," म्हणाली. घोंगडी पांघरून, भिंतीला धरत धरत ती विहिरीपाशी आली आणि पंगतीच्या टोकाला बसली. तिच्यापुढे येसूबाईने घरून आणलेली ताटली ठेवली. सैंधव घातलेला भात आणि उकडलेलं वांगं.

वाड्याचा पंच काळूराम, विहिरीच्या खणतीत दोन बोटं गमावलेला म्हातारा, वाढता वाढता ताटलीपाशी थांबला.

"येसू, हे काय हाय?"

"भाऊ, तिचं पथ्य हाय. म्या सांगितलंय तुमाला."

"पथ्य घरात. हितं न्हाय. सखारामानं काय सांगितलं व्हतं, आठवतंय का तुला?" काळूराम ओरडला नाही, त्याचा आवाज उलट कापत होता. "या पंगतीत येगळं भांडं मांडायला वरच्या आळीतला येता तर म्या समजलो असतो. सखारामाच्या बायकोनं मांडावं?"

आता येसूबाईने काय करायला हवं होतं, हे तिला पुढे हजार वेळा सुचलं. मुलीला उठवून घरी न्यायला हवं होतं. काळूरामाला उंदराची गोष्ट सांगायला हवी होती, तो शेतकरी माणूस, त्याला समजली असती. पण तिच्या डोक्यात रक्त चढलं होतं. सगळ्या ओळीचे डोळे तिच्यावर होते आणि त्या डोळ्यांत आपण विहिरीवर घागर घेऊन उभ्या राहिलेल्या बाईसारख्या दिसतो आहोत असं तिला वाटलं. तिने ताटली उचलली, त्यातला भात बाजूला सारला, काळूरामाच्या हातातून पळी घेतली आणि मोठ्या पातेल्यातलं वांगं-जवळ्याचं कालवण स्वतःच्या हाताने मुलीला वाढलं.

"जेव," ती म्हणाली. "एका पळीनं काय होतंय."

कोंडीने तिच्याकडे पाहिलं. एरवी तिने चार प्रश्न विचारले असते. त्या दिवसांत तिचं डोकं एवढं जड होतं की आईने जेव म्हटल्यावर ती जेवली. महिन्याभरात पहिल्यांदा ताटली पुसून जेवली.

एका पळीवर थांबलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण पंगतीत जेवलेल्या मुलीला दुसऱ्या दिवशी वाटी आली, ती कोणत्या तोंडाने परत करायची? सगळा वाडा खूश होता. मास्तरीण जेवली, आता बरी होईल, म्हणून एकेका घरातून चांगलंचुंगलं येऊ लागलं. सुकटीची चटणी, बोंबलाचं कालवण, जवळ्याची भाकरी. वाड्याला कोंडी प्राणापलीकडे होती आणि ते प्रेम वाटीत भरून येत होतं. येसूबाई पहिली वाटी घेताना दचकली, दुसरी घेताना गप्प बसली, तिसऱ्या दिवसापासून तिने स्वतःची समजूत घातली की पोटात चार घास गेले तर अंगात जीव राहील. पाच दिवस हे चाललं.

सहाव्या दिवशी दोघी नेरळहून गाडीने मुंबईला गेल्या.

"पथ्य नीट पाळलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाळलं की," येसूबाई म्हणाली.

ते तिच्या तोंडून इतकं पटकन गेलं की तिला स्वतःलाच नवल वाटलं. कोंडी खाली बघत होती. तिला आधी चाचणीपुरता औषधाचा एक थेंब पाजला. औषध पोचतं की नाही ते यातून कळणार होतं, पोचलं तर दोन दिवसांनी खरा डोस. तो डोस मागवून ठेवला होता, शिशाच्या जाड डबीत.

दुसऱ्या दिवशी कोंडीला टेबलावर निजवलं. गळ्याजवळ एक नळकांडं आणलं, त्याला जोडलेल्या यंत्रावर काटा होता. काटा जरासा हलला आणि पडून राहिला. छातीवर नळकांडं धरलं, तिथे तेवढंही नाही. डॉक्टरांनी तीनदा पाहिलं. मग खुर्चीत बसले आणि चष्मा काढून पुसू लागले. त्यांच्याभोवती चार शिकाऊ डॉक्टर उभे होते.

"बाई, मला वाईट वाटतं. हिच्या गाठी आयोडीन घेतच नाहीत. काही गाठी अशा असतात. मग हे औषध हिच्या उपयोगाचं नाही."

"मंग दुसरं?"

"दुसरं आज तरी माझ्याकडे काही नाही. घरी न्या. गोळी सुरू करा, म्हणजे सूज तरी उतरेल. चार दिवस बरे जातील."

त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहायला सुरुवात केली. येसूबाईला वाचता येत नव्हतं. पण आपल्या मुलीचं दार आता बंद होत आहे, एवढं तिला त्या पेनाच्या आवाजावरून कळत होतं. गप्प बसलं तर कोणालाही काही कळणार नव्हतं. वाड्यात सांगता आलं असतं, औषध लागू पडलं नाही. कोणी दोष दिला नसता, उलट गळ्यात पडून रडले असते. ती टेबलाची कड धरून उभी राहिली.

"डॉक्टर, लिवू नका. म्या खोटं बोलली."

पेन थांबलं.

"तिनं खाल्लंय. म्या वाढलं."

"काय खाल्लं?"

"जवळा. सुकट. बोंबील. आमच्या विहिरीवर पंगत व्हती, तवा पयलं खाल्लं. मंग कालपरवापर्यंत खात व्हती."

"पंगत!" डॉक्टर उभे राहिले. "मी इथे जीव तोडून सांगतो, औषध ठरल्या दिवसासाठी मागवतो आणि तुम्ही पंगती झोडता? म्हणून म्हणतो, तुम्हा लोकांना सांगून काही उपयोग नसतो."

हे शेवटचं वाक्य येसूबाईने जन्मभर निरनिराळ्या तोंडून ऐकलं होतं. एरवी तिने त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं, तिची जीभ काही कमी तिखट नव्हती. ती विहीर, ते उंचावरून पडणारं पाणी, सखारामाचा नियम, हे सगळं तिच्या घशापर्यंत आलंही. पण त्या खोलीत ते सांगून तिला काय मिळणार होतं? तिने ते वाक्य गिळलं.

"व्हय," ती म्हणाली. "चूक माजी हाय. मला काय बी बोला. पन लेकीला परत एक बारी बोलवा."

डॉक्टर खिडकीकडे वळले. रागाने बोललेलं त्यांचं त्यांनाच लागलं असावं. मग त्यांनी लिहिलेला कागद फाडला.

"चार आठवडे. गोळी नाही. पथ्य कडक. एवढे दिवस हिला झेपतील का, मी सांगू शकत नाही. मधल्या काळात छातीतलं वाढलं तर तेही माझ्या हातात नाही. मागवलेला डोस दुसऱ्या कोणाला देतो."

परतीच्या गाडीत, वांगणी सोडल्यावर, कोंडीने घोंगडीतून हात काढून आईच्या मांडीवर ठेवला.

"आये," ती जड जिभेने म्हणाली, "जवळा चांगला झाला व्हता गं."

येसूबाई पदर तोंडात कोंबून रडली.

संध्याकाळी ती विहिरीपाशी गेली. बाया पाणी भरत होत्या, काळूराम ओट्यावर बसला होता. तिने काही लपवलं नाही. काटा कसा पडून राहिला ते सांगितलं, आणि उंदराची गोष्ट सांगितली, जी तेव्हाच सांगायला हवी होती.

"माजं पोरगं मारलं मी," ती म्हणाली. "तुमची लाज वाटली म्हनून मारलं."

काळूराम तीन बोटांच्या हाताने कपाळ चोळत बसला. मग म्हणाला, "पळी तू घेतलीस येसू, पन दिली म्याच व्हती." आणि उठून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी गोदूबाई रिकामी वाटी घेऊन आली. येसूबाईला वाटलं, ही आता भांडायला आली.

"तुज्या बरणीतलं मीठ दे चिमूटभर," गोदूबाई म्हणाली. "आज माज्या घरात तेच मीठ पडंल. चुलीवर मासळी न्हाय चढवली. मंग तर चालंल ना माजी वाटी?"

तिच्यामागून धाऊ आली. दोन दिवसांनी काळूराम स्वतः कर्जतला जाऊन पाच शेर सैंधव घेऊन आला आणि विहिरीच्या ओट्यावर ठेवलं. सगळी घरं त्यात नव्हती. काहींनी तोंड वाकडं केलंच, त्यांना ही सगळी मायलेकींची थेरं वाटत होती. पण वीस घरांत चार आठवडे समुद्र शिरला नाही. चौकच्या कोळणी विचारू लागल्या, यंदा तुमच्या वाड्याला झालंय तरी काय.

कोंडीला मात्र हे कळत होतं की नव्हतं, कोण जाणे. तिसऱ्या आठवड्यात तिचा आवाज पूर्ण बसला. ती बसल्या जागी झोपायची, झोपेतून उठवली की आईकडे अनोळखी माणसासारखी बघायची. जिना चढल्यासारखा श्वास लागायचा आणि तिने तर दोन पावलंही टाकलेली नसायची. येसूबाईने एकदा गोळ्यांची बाटली हातात घेतली. एक गोळी दिली तर मुलगी तरतरीत होईल, हे तिला माहीत होतं. आणि पिल्लांची भूक मरेल, हेही. ती बाटली हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मग तिने ती गोदूबाईकडे नेऊन दिली आणि सांगितलं, मी मागितली तरी देऊ नकोस. दोन दिवसांनी तिने खरंच मागितली, हाता-पाया पडून मागितली. गोदूबाईने दार लावून घेतलं.

चार आठवड्यांनी चांगोच्या बैलगाडीतून कोंडीला नेरळ स्टेशनावर नेलं. चालण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

यावेळी डॉक्टरांनी पथ्याचं विचारलं नाही. थेंब पाजला, दुसऱ्या दिवशी नळकांडं धरलं. गळ्यावर काटा उठला आणि चढतच गेला. येसूबाईने आयुष्यात कशाकडे असं पाहिलं नव्हतं. छातीच्या उजव्या बाजूला काटा चढला. डाव्या बाजूला नाही. डॉक्टरांनी नळकांडं तिथेच दाबून धरलं, वाट पाहिली. काटा नुसता थरथरला.

"उजवीकडचं औषध घेईल," ते म्हणाले. "डावीकडचं फारसं घेणार नाही असं दिसतं. या महिन्यात ते वाढलंही आहे."

"मागल्या बारीला घेतलं असतं का त्यानं? मासळी नसती खाल्ली तर?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. यावेळी त्यांच्या नजरेत राग नव्हता. "ते मला कधीच सांगता येणार नाही, बाई. आणि दुसऱ्या कोणालाही नाही."

तिला दोष हवा होता किंवा सुटका हवी होती. दोन्हीपैकी काहीच मिळालं नाही. तिथून पुढे ती जगली तेवढी वर्षं हा प्रश्न तिच्या उशाशी होता.

डोस दुपारी दिला. शिशाच्या डबीतल्या बाटलीत नळी घालून कोंडीने घोटभर पाण्यासारखं काहीतरी ओढून घेतलं, एवढंच. मग तिला एका टोकाच्या खोलीत एकटीला नेलं. दाराच्या आत, पलंगापासून काही पावलांवर, जमिनीवर पिवळ्या रंगाची रेषा मारलेली होती. रेषेवर एक स्टूल.

"आता हिच्या अंगातून किरण निघणार," सिस्टर म्हणाल्या. "पाच दिवस रेषेच्या आत कोणी जायचं नाही. हिला हात लावायचा नाही. हिचं ताट वेगळं, पेला वेगळा, कपडे वेगळे. भेटायचं तर इथूनच, दोन मिनिटं. आणि हिने पाणी भरपूर प्यायला हवं."

पाण्याचा जग घेतलेली आया दारातच घुटमळत होती. किरण हा शब्द तिनेही ऐकला होता. "मी नाही बाई आत जात, माझी लहान पोरं आहेत घरी," ती म्हणाली.

"आत कशाला? स्टुलावर पेला आहे, त्यात ओत. फक्त जग पेल्याला लागू देऊ नकोस, हा जग बाहेर परत जातो. जरा वरूनच धर."

येसूबाईने हे ऐकलं. पलंगावर कोंडी भिंतीला टेकून बसली होती. तिने आईकडे पाहिलं. लहानपणापासून त्या विहिरीची गोष्ट तिने शंभर वेळा ऐकली होती, आणि एवढ्या ग्लानीतही तिला ती आठवली असावी. कारण तिचे डोळे आईवरून हलेनात.

येसूबाईने आयाच्या हातातून जग घेतला.

"मी घालते," ती म्हणाली.

ती रेषेपाशी गेली. पायाची बोटं पिवळ्या रंगाला लागू नयेत अशी उभी राहिली. हात पुढे करून तिने जग उंच धरला आणि तिरका केला. तिला त्या पाण्यात काहीच दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. तिने ते मिटले, पुन्हा उघडले, आणि धार बारीक केली. कोंडीचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण येसूबाईला समजलं, ती म्हणत होती, सावकाश, आये.

पेला काठोकाठ भरला. बाहेर एक थेंब सांडला नाही.